साहेब, पुलाखालची उंची किती?

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कॅरॅव्हॅनला कोणतं जीपीएस लावावं याबाबत, आणि त्यात आपल्या खात्याचं काय काम याबाबत.

महोदय,

विषय वाचून आपल्या कार्यालयातून हे पत्र ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ माहिती तंत्रज्ञान विभागाकडे धाडलं जाईल, अशी मला भीती आहे. कृपया तसं होऊ देऊ नये. जीपीएसचं यंत्र दुकानात मिळतं. त्या यंत्राला जे माहीत असायला हवं ते दुकानात मिळत नाही, आणि त्याचा पत्ता विचारत विचारत मी आपल्या दारात आलो आहे.

कोल्हापुरात मी कॅरॅव्हॅन भाड्याने देतो. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी; आत चौघांची झोपायची सोय, ओटा, छोटा फ्रिज, संडास, डोक्यावर एसी. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या भरवशावर या धंद्यात उतरलेल्यांपैकी मी एक. गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक गादी दाबून बघतं, नळ सोडून बघतं आणि मग हटकून विचारतं, “यात जीपीएस कुठलं?” कोणी म्हणतं, “फोन आहे की, गूगल लावू.” कोणी अमेरिकेतून सुट्टीला आलेला असतो. तो म्हणतो, “आमच्याकडे आरव्हीसाठी, म्हणजे असल्याच गाड्यांसाठी, वेगळा गार्मिन मिळतो, तसला नाही का ठेवलात?”

त्यांना मी काय सांगतो ते आधी सांगतो. आपल्याकडे माझं जे मागणं आहे ते त्यातूनच निघतं.

पडदा किती इंची, आवाज मराठी की इंग्रजी, हे सगळं नंतर. पहिली परीक्षा ही, की यंत्र तुम्हाला गाडीबद्दल काही विचारतं का. उंची किती, रुंदी किती, लांबी किती, भरलेल्या गाडीचं वजन किती? गार्मिनची ‘कॅम्पर’ मालिका, टॉमटॉमचा ‘गो कॅम्पर’ ही यंत्रं युरोपात खास मोटरहोमसाठी विकली जातात. ती आधी हा तपशील भरून घेतात आणि मग त्या मापाचा रस्ता काढतात. आपल्या फोनमधला रोजचा नकाशा असलं काही विचारत नाही. त्याच्या लेखी आल्टो आणि माझी कॅरॅव्हॅन एकच. गूगलने २०१७ मध्ये भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय दिला. जुलै २०२४ मध्ये चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय आठ शहरांसाठी जाहीर केली : हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोईमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी. त्यात महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. आणि असतं तरी वेळणेश्वरच्या वाडीला शहर कोण म्हणणार?

उंची विचारली की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं. हा आकडा कंपनीच्या पत्रकातून उचलायचा नसतो. पत्रकात कोऱ्या गाडीची उंची असते. तिच्यावर पुढे एसी बसतो, सोलर पॅनल बसतं, टीव्हीची अँटेना येते, कोणी वर कॅरियर ठोकून सायकली चढवतं. सपाट जागी, टायरमध्ये पूर्ण हवा असताना, सर्वांत वरच्या टोकापर्यंत टेप लावून मोजायचं आणि वर वीतभर जागा हातची राखायची. वीतभर कशाला? पाटी लावली त्या वर्षी रस्ता जिथे होता तिथे तो आज नसतो. डांबराचे थर चढत जातात, पाटीवरचा आकडा मात्र तोच राहतो. माझ्या गाडीत उंची मीटरमध्ये आणि फुटांत, दोन्ही प्रकारे, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवलेली आहे. कारण पाटी मीटरमध्ये असते आणि रस्त्यात वाट सांगणारा माणूस फुटांत बोलतो.

दुसरी परीक्षा रेंज नसताना काय होतं याची. अणुस्कुरा घाट उतरताना किंवा दाजीपूरच्या जंगलात फोनवरच्या दांड्या एकेक करून जातात. नकाशा आधी उतरवून ठेवलेला असेल तर निळा ठिपका पुढे सरकत राहतो, नसेल तर पांढऱ्या कागदावर ठिपका. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ‘ऑस्मअँड’ हे अ‍ॅप विनानेटवर्क चालतं आणि गाडीची उंची, रुंदी, वजनही विचारतं, म्हणून मी ते प्रत्येकाला घालून देतो. बाकी तपशील झटपट सांगतो. मे महिन्यात काचेला लावलेला फोन तापून मान टाकतो, म्हणून तो एसीच्या झोतासमोर लावावा. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ हा पर्याय बंद करावा. दोन किलोमीटर वाचवायला तो गुरांच्या वाटेनेही नेतो. आणि नकाशा शेजारी बसलेल्याने वाचावा. ड्रायव्हरने घाट बघावा.

इथपर्यंत सगळं ठीक. अमेरिकेतल्या पाहुण्याचा प्रश्न मात्र उरतो : ते आरव्हीचं यंत्रच का आणत नाही?

आणलं तर ते माझ्या गाडीची उंची विचारेल. मी इमानेइतबारे भरेन. त्यानंतर त्याला दुसऱ्या बाजूचा आकडा लागेल, म्हणजे पुलाची उंची, मोरीची वजनमर्यादा, वळणाची रुंदी. तो आकडा नकाशातच नसेल तर ते यंत्र गप्प बसेल आणि ड्रायव्हरला वाटेल की वाट मोकळी आहे. यातला धोका असा, की काही विचारत नाही त्या फोनवर माणूस निदान पुरता विश्वास टाकत नाही. ज्याने आपल्याकडून चार मापं भरून घेतली त्याच्यावर तो डोळे मिटून विश्वास टाकतो.

उपग्रहांबद्दल माझी काही तक्रार नाही. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. आज साधा फोनसुद्धा काही मीटरांच्या आत गाडीची जागा सांगतो. पण वीस हजार किलोमीटर वरून पुलाखालची पोकळी दिसत नाही. ती खाली उभं राहून कोणीतरी मोजावी लागते, कुठेतरी लिहावी लागते आणि नकाशा करणाऱ्याच्या हाती द्यावी लागते.

इतर देशांत हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये ५.०३ मीटरपेक्षा, म्हणजे साडेसोळा फुटांपेक्षा, कमी मोकळीक असलेल्या पुलावर उंचीची पाटी लावतात. अमेरिकेची गोष्ट जास्त बोलकी आहे. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. त्यानंतर तिथे पुलांच्या तपासणीचे देशभर एकसारखे नियम झाले आणि सगळ्या पुलांची एक नोंदवही तयार झाली. आज तिच्यात सहा लाखांहून अधिक पूल आहेत. प्रत्येकाचं ठिकाण, वय, प्रकृती, वजनमर्यादा आणि पुलाखाली-पुलावर किती उंची मोकळी, हे सगळं तिच्यात असतं. मुख्य म्हणजे ही वही कुलुपात नाही. कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. यंत्र बनवणारा घेतो, विद्यार्थीही घेतो.

आपल्याकडेही तशी एक रात्र येऊन गेली. २ ऑगस्ट २०१६. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंद ठेवणारी प्रणाली सुरू केली आणि लाखाहून अधिक पूल-मोऱ्या तिच्यात नोंदवल्या गेल्या. चांगलं काम झालं. पण त्यातला एकही आकडा माझ्या ड्रायव्हरच्या फोनपर्यंत पोचत नाही. शिवाय कॅरॅव्हॅनवाला राष्ट्रीय महामार्गावर मुक्काम करायला येत नाही. त्याला गुहागर, हेदवी, विजयदुर्ग, निवती हवं असतं. तिकडचे रस्ते राज्याच्या बांधकाम खात्याचे, जिल्हा परिषदेचे, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर ग्रामपंचायतीचा.

त्या अर्ध्या किलोमीटरवरच खरी परीक्षा होते. गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान असते. ती बांधणाऱ्याच्या नजरेसमोर ट्रॅक्टर आणि फार तर एसटी होती. कमानीवर नेत्याचं नाव असतं, दात्याचं असतं, उद्घाटनाची तारीख असते. उंची नसते. कमान पार केली की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वरून फणसाची फांदी, त्यातून सैल पडलेली विजेची तार. रेल्वेच्या फाटकापुढे लोखंडी चौकट असते. विजेच्या तारांना धक्का लागू नये म्हणून ती ४.६७ मीटरवर ठेवतात, माझी गाडी तिच्याखालून सहज जाते. पण फाटकं बंद करून त्यांच्या जागी जे बुटके भुयारी मार्ग काढले, तिथे बसच्या सांगाड्यावरची कॅरॅव्हॅन थबकते, आणि पावसाळ्यात तर ट्रॅव्हलरही, कारण आत गुडघाभर पाणी. असल्या जागी नकाशा सरळ पुढे जायला सांगत असतो. मागे एसटी येऊन उभी, रिव्हर्स घ्यायला जागा नाही, आणि टपरीवरचे मामा सांगत असतात, “मोठी गाडी हिकडनं न्हाई जात, वरच्या अंगानं यायचं हुतं.” ही माहिती मामांकडे आहे, एसटीच्या ड्रायव्हरकडे आहे, बांधकाम खात्याच्या मैलकुलीकडे आहे. फक्त नकाशाकडे नाही.

घाटांची अवस्था आणखी वेगळी. कोल्हापुरातून कोकणात उतरायला आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, फोंडा, आणि लांबून आंबोली असे रस्ते आहेत. जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा-फोंड्याकडे वळवली. वरंध घाटात पावसाळा आला की जड वाहनांना बंदी, दरड आली की सगळ्यांनाच. हे आदेश रीतसर निघतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली तसा अधिकार आहे. पण आदेश निघतो तो सही-शिक्क्याच्या कागदावर, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक आवृत्तीत चार ओळी येतात. फोटोतला मजकूर नकाशाला वाचता येत नाही. नकाशा मग कसं ओळखतो? घाटात गाड्या दिसेनाशा झाल्या की अंदाज बांधतो. पहिल्या दिवशी जो खाली उतरून अडकतो तोच त्याचा सर्वेक्षक.

यात गैरसोयीपलीकडचंही काही आहे. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक मोटार अकोले तालुक्यात रात्री पाण्यात गेली. नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली होता. दोघे वाचले, गाडी चालवणारा गेला. धरणात पाणी चढलं की तो पूल बुडतो, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक मोटार पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी चालक बाईंना बाहेर काढलं म्हणून निभावलं. अशा वेळी वाहिन्यांवर दोन दिवस ‘नकाशाने घात केला’ असा गजर होतो. नकाशा कंपन्यांची जबाबदारी मी नाकारत नाही. पण पूल बुडणार हे ज्या खात्याला तारीखवार कळतं, त्याने ते नकाशाला कधी कळवलं?

आकडे मिळाले म्हणजे अपघात थांबतील, असं मात्र मी म्हणणार नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल होता. पुढे पाटी, चमकणारे दिवे, उंच गाडी आली की सेन्सरवरून पेटणारा ‘वळा’ असा फलक, सगळं होतं, तरी ट्रकांची टपं सोलली जात होती. शेजारच्या इमारतीतून एका माणसाने २००८ पासून कॅमेरा लावून ठेवला, म्हणून तो पूल जगभर प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रेल्वेने तो आठ इंच उचलला. टपं त्यानंतरही सोललीच गेली. बॉस्टनचं स्टॉरो ड्राइव्हही असंच. १ सप्टेंबरला तिथे भाड्याच्या घरांचे करार एकदम बदलतात, भाड्याचे ट्रक घेऊन विद्यार्थी निघतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्या रस्त्यावरच्या बुटक्या पुलात अडकतं. तिथे शिकणारी मराठी पोरंही आता एकमेकांना त्याची आठवण करून देतात. ब्रिटनमध्ये पाट्या असूनही रेल्वेपुलांना वर्षाला दीड हजारांहून जास्त धडका बसतात. तेव्हा डोकं चालवणं ड्रायव्हरचंच काम. पण ज्याला डोकं चालवायचं आहे, गाडी मोजून, आकडा चिकटवून जो निघाला आहे, त्याला दुसरा आकडा मिळायला हवा. आपल्याकडे तो शहाण्यालाही मिळत नाही.

आता मागणं. कॅरॅव्हॅन पार्कला परवानगी देताना जागेचे कागद, पाणी, वीज, सांडपाणी बघितलं जातं. त्यात एक ओळ वाढवावी : जवळच्या राज्य मार्गापासून पार्कच्या फाटकापर्यंत सर्वांत कमी उंची किती, सर्वांत कमी रुंदी किती, सर्वांत कमी वजनमर्यादा कुठे. हे मोजायला एक माणूस, एक टेप आणि एक दुपार पुरते. हा आकडा अक्षांश-रेखांशासह आपल्या खात्याने सगळ्यांना उतरवून घेता येईल असा ठेवावा. मग आपण बांधकाम मंत्र्यांकडे शब्द टाकावा. त्यांच्या खात्याकडे पुलांचे आराखडे आहेत, तपासणी होते, शाखा अभियंता दरवर्षी पावसाळ्याआधी मोऱ्या बघून येतो. त्याच फेरीत पुलाखालची उंची आजच्या डांबरापासून मोजली तर वेगळा खर्च नाही. आणि घाटबंदीचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश ज्या दिवशी निघेल त्या दिवशी रस्ता क्रमांक, कुठून कुठपर्यंत, कोणत्या वाहनांना, कधीपर्यंत, एवढ्या चार रकान्यांची नोंद एका ठिकाणी पडावी. बाकीचं नकाशावाले करतील. त्यांना ते फुकट मिळालं तर ते का नाही घेणार?

एसटीला यात अवश्य घ्यावं. मुक्कामी गाडी घेऊन आडवळणाच्या गावात जाणाऱ्या ड्रायव्हरइतकं राज्यातल्या रस्त्यांचं ज्ञान कोणाकडे नाही. ज्या रस्त्यावरून एसटी जाते तिथे माझी गाडी जातेच, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. प्रत्येक आगाराने आपल्या फेऱ्यांचे रस्ते नकाशावर रेघ मारून दिले, तरी निम्मं कोकण मोटरहोमसाठी वाचता येईल. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीच्या वेळा आणि किती वजनाची गाडी घेतात तेही त्यात आलं तर सोन्याहून पिवळं.

कोणी अधिकारी म्हणतील, नकाशाची माहिती संवेदनशील असते. केंद्राच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना आणि नागरिकांना नकाशे करायची पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आहे. आणि पुलाखालची उंची गुपित असेल, तर ती लाल वर्तुळात रंगवून भर रस्त्यात का टांगतात?

कॅरॅव्हॅनची तपासणी कशी करायची याचा निकष देशात आहे, एआयएस-१२४ या क्रमांकाचा, आणि तो काढणारी संस्था आपल्या पुण्यात आहे. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर जाता कामा नये, हा नियम आहे. म्हणजे गाडीला किती माप असावं हे सरकारने ठरवलं, मोजलं, कागदावर आणलं. रस्त्याचं मापही सरकारकडेच आहे. दोन्ही मापं एका पडद्यावर आली की गिऱ्हाइकाला मी बिनधास्त सांगेन, कुठलंही जीपीएस घ्या.

तोवर आम्ही आमच्यापरीने करतो आहोत. माझे ड्रायव्हर गाडीत घडीची काठी ठेवतात. कमान, भुयारी मार्ग, बुटका पूल लागला की खाली उतरून मोजतात, वहीत लिहितात, फोनवर जागा टिपून ठेवतात; फावल्या वेळात मी ते ओपनस्ट्रीटमॅपवर चढवतो. मिरज ते मालवण या पट्ट्यातली वही बऱ्यापैकी भरली आहे. ती आपल्या खात्याला मी विनामोबदला द्यायला तयार आहे. कोणत्या शाखेकडे, कोणत्या नमुन्यात पाठवू, एवढं कळवावं. नमुना नसेल तर मी रकाने आखून पाठवतो, आपण फक्त आवक क्रमांक द्यावा.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक कॅरॅव्हॅनवाला

प्रत माहितीसाठी :
१. मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य
२. विभाग नियंत्रक, एसटी, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग